पॅनोरमा जोडला की आकाशात पट्टे दिसतात आणि जवळचं कुंपण तुटतं. कोणतं सॉफ्टवेअर वापरू?

तुम्ही दोन-तीन सॉफ्टवेअर वापरून पाहिलीत, तरी आकाशात फिकट-गडद पट्टे येतात आणि समोरचं कुंपण जोडावर तुटतं, असं लिहिलंय. मग आणखी एक सॉफ्टवेअर शोधू नका. दोन्ही गोष्टी फोटो काढतानाच बिघडतात, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पट्ट्यांचं सोपं आहे. कॅमेरा ऑटोवर असला की सूर्याकडची फ्रेम तो गडद करतो आणि विरुद्ध बाजूची उजळ. शेजारशेजारच्या दोन फ्रेममध्ये आकाशाचा रंग जुळणार कसा? मॅन्युअल मोडवर या. दृश्यातल्या सर्वांत उजळ भागावर एक्स्पोजर ठरवा, ढग पांढरेफटक होत नाहीत ना ते बघा, आणि मग शेवटच्या फ्रेमपर्यंत शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ कशालाच हात लावू नका. व्हाइट बॅलन्स आणि फोकससुद्धा ऑटोवरून काढा. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, लावत असाल तर तोही उतरवा. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश तो सर्वांत जास्त गडद करतो, त्यामुळे रुंद पॅनोरमात आकाशाच्या एकाच भागात गडद निळा डाग पडतो. तो नंतर काढणं फार जिकिरीचं.

कुंपणाचं कारण आहे पॅरलॅक्स, म्हणजे कॅमेऱ्याची जागा बदलली की जवळची वस्तू मागच्या दृश्याच्या तुलनेत सरकलेली दिसणं. कॅमेरा हातात धरून आपण कमरेतून वळतो, तेव्हा कॅमेरा नुसता फिरत नाही, जागाही बदलतो. समजा लेन्स ५ सेंटिमीटर सरकली. ५० मिमी लेन्स, फुल फ्रेम, उभा कॅमेरा आणि रुंदीत ४००० पिक्सेल धरले, तर २ मीटरवरचं कुंपण मागच्या डोंगराच्या तुलनेत २०० पिक्सेलहून जास्त सरकतं. ५ किलोमीटरवरचा डोंगर मात्र एका पिक्सेलचा दहावा भागही हलत नाही. म्हणून सगळं दृश्य दूरचं असेल तर हातात धरून काढलेला पॅनोरमाही सुरेख जुळतो, ट्रायपॉडच हवा असं मी म्हणणार नाही. जवळ काही असेल तेव्हा मात्र कॅमेरा लेन्सच्या एन्ट्रन्स प्युपिलभोवती, म्हणजे समोरून बघताना लेन्सच्या आत अ‍ॅपर्चरचं छिद्र जिथे दिसतं त्या जागेभोवती, फिरायला हवा. बरेच जण याला नोडल पॉइंट म्हणतात.

तो बिंदू शोधायला ट्रायपॉडवर एक स्लाइडिंग रेल लागते. जवळची एक काठी आणि दूरचा एक खांब एका रेषेत येतील असा कॅमेरा लावा. आता तो डावीकडे-उजवीकडे फिरवा. काठी खांबापासून सुटली, तर रेलवर कॅमेरा थोडा मागे घ्या आणि पुन्हा बघा. फरक वाढला तर पुढे घ्या. फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोन्ही एकाच रेषेत राहिली की रेलवर खूण करून ठेवा. झूम बदलला की ही खूणही बदलते.

फ्रेम उभ्या काढा, एकमेकींवर साधारण एक तृतीयांश चढवा. ५० मिमीची उभी फ्रेम आडवी २७ अंश बघते, म्हणजे १८० अंशांना दहाएक फ्रेम लागतात. फार वाइड लेन्सच्या मोहात पडू नका, दूरचे डोंगर त्यात टेकड्यांएवढे दिसतात. ढग पळत असतील तर हात झपझप चालवा. वर-खाली जागा सोडा, जोडल्यावर कडा कापाव्या लागतातच.

जोडायला मी हगिन वापरतो. ते फुकट आहे आणि कंट्रोल पॉइंट, म्हणजे शेजारच्या दोन फ्रेममध्ये जुळवलेले सारखे बिंदू, स्वतः तपासता येतात. ढगांवर, लाटांवर, हलत्या पानांवर पडलेले पॉइंट आधी उडवा. प्रोजेक्शन, म्हणजे गोल फिरून घेतलेलं दृश्य सपाट चित्रावर मांडायची पद्धत, रेक्टिलिनिअर (सरळ रेषा सरळच ठेवणारी) ठेवलंत तर १२० अंशांच्या आसपास कडा भयंकर ताणल्या जातात, तिथून पुढे सिलिंड्रिकल घ्या.

आणि कुंपणाच्या जुन्या फ्रेम टाकून देऊ नका. हगिनमध्ये मास्क लावून, म्हणजे फ्रेममधला कोणता भाग घ्यायचा किंवा वगळायचा ते आखून, कुंपणाचा तुटणारा भाग एकाच फ्रेममधून घ्या आणि जोड शेजारच्या गवतातून किंवा झुडपातून जाऊ द्या. गवतातला जोड सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही.