खारघरचा फ्लॅट भाड्याने देतोय. भाडेकरू ११ महिन्यांचं भाडं एकदम देतो म्हणतोय, घ्यावं का?

हो, घ्या; पण करार नोंदवल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल, तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरतात, आणि तुम्हाला उलटं सिद्ध करत बसावं लागतं. आगाऊ भाडं आणि डिपॉझिट करारात वेगवेगळं लिहा, भाडं कोणत्या महिन्यांचं तेही. पैसे बँकेतूनच घ्या. रोख २ लाख किंवा जास्त घेतले तर आयकर खातं तेवढाच दंड लावू शकतं. मात्र तो मध्येच घर सोडून गेला तर उरलेल्या महिन्यांचं भाडं परत मागेल, म्हणून नोटिशीचा काळ आणि परतीची मुदत आत्ताच करारात घाला.