एअर रायफलच्या हार्ड केससाठी आतला फोम घरी कसा कापावा?

तुमचा प्रश्न असा की दहा मीटर एअर रायफलसाठी हार्ड केस घेतली, तिच्यासोबत आलेला चौकोनी तुकडे उपटायचा फोम दोन महिन्यांत फाटला, आता कोणता फोम आणावा, घरी कसा कापावा आणि खर्च किती येईल. शेवटी सहज लिहिलंय, "दुकानदार म्हणतो, जितका घट्ट तितका चांगला." बाकीच्या प्रश्नाला कुणीही उत्तर दिलं असतं. हे वाक्य वाचलं आणि मला राहवलं नाही.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपला एकतीस वर्षं काढली. लाकडाचा पॅटर्न करायचा, तो वाळूत दाबायचा, काढायचा, उरलेल्या पोकळीत वितळलेल्या धातूचा रस ओतायचा. बिडाचं कास्टिंग थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. हे पोरंसोरंसुद्धा आठवड्यात शिकतात. शिकायला वर्षं लागतात ती पॅटर्न वाळूतून बाहेर काढायला. बाजू सरळसोट उभ्या ठेवल्या तर पॅटर्न उचलताना वाळूची कड घेऊनच येतो, म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. आत घालणं कुणालाही जमतं, पोकळीची परीक्षा बाहेर काढताना होते. फोमचंही तेच आहे आणि हे मला, सगळ्यांत जास्त कळायला हवं होतं त्या माणसाला, कळलं नाही.

माझी पोरगी रायफल मारते. कोल्हापुरात तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली तेव्हापासून हे वेड आहे, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणल्यावर तर विचारूच नका. रायफल कुठली घ्यावी, छरे कुठले, जॅकेट कुठलं, यावर सल्ले द्यायला गल्लीत माणसं रांगेनं उभी. केसच्या आत काय भरायचं हे मात्र एकानंही सांगितलं नाही. सांगितलं ते आमच्या पाव्हण्यांनी, म्हणजे पोरीच्या मामानं. तो पंपांच्या पॅकिंगचा फोम पुरवतो, त्यामुळं फोम म्हटलं की घरात शेवटचा शब्द त्याचा. पांढऱ्या ईपीईचं, म्हणजे पॅकिंगच्या पॉलिइथिलीन फोमचं, एक जाड शीट फुकट घेऊन आला आणि म्हणाला, "दाजी, चारी बाजूंनी सहा मिलिमीटर कमी कापा. माल हलला की मेला."

मी कापलं. फार सुरेख कापलं होतं, आजही सांगतो. रायफल आत दाबून बसवली, केस उभी केली, उलटी केली, हलवली. आवाज नाही. पाव्हण्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

पंधरा दिवसांनी बालेवाडीला स्पर्धा होती. पहाटे निघालो, पोहोचलो, आत जायची वेळ झाली, पोरीनं केस उघडली आणि रायफल निघेना. बोट घालायला जागाच नव्हती. बॅरलला धरून उपटायचं नाही एवढं तिला माहीत. मग हातात काय येतं? बट-प्लेटचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाचा, आकडा. तिनं तो धरला आणि दिला हिसका. रायफल निघाली, फोमची पांढरी साल तिच्यासोबत आली आणि बट-प्लेट पट्टीवरून घसरून तिरकी झाली. किती? तीन-चार मिलिमीटर. घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, आणि मी तर आयुष्यभर अर्ध्या मिलिमीटरवर भांडलेला माणूस.

दहा मीटरमध्ये दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तयारी आणि सायटरला, म्हणजे गुणांत न धरलेल्या चाचणीच्या शॉटना, १५ मिनिटं, मग ७५ मिनिटांत ६० शॉट. सायटरमध्ये सायट, म्हणजे नेम धरायचं साधन, जुळवता येते, खांद्यातली बैठक बिघडली तर ती क्लिक फिरवून येत नाही. विसाव्या शॉटनंतर पोरीनं मागं वळून पाहिलं. उतरल्यावर म्हणाली, "पप्पा, रायफल माझी वाटतच नव्हती." सरावाला ६१८-६१९ मारणारी पोरगी, त्या दिवशी ६०७.

पाव्हणं अजून म्हणतात की बट-प्लेटचा स्क्रू ढिला होता. नव्हता. मीच आवळला होता.

बरं, आता त्यांचं नेमकं चुकतं कुठं ते ऐका, कारण तुमच्या दुकानदाराचंही तेच चुकतंय. पंप खोक्यात एकदाच जातो आणि एकदाच निघतो. निघताना फोम फाटला तरी गिऱ्हाईक तो कचऱ्यातच टाकणार. रायफल दिवसातून दोनदा आत जाते, दोनदा बाहेर येते, आणि काढणारा हात घाईतला, घामट, कधी जॅकेटच्या जाड बाहीतला. ही दोन वेगळी कामं आहेत. पॅकिंगवाल्याला केसचा फोम विचारू नये.

तुमच्या फोमचं बोलू. उपटायचा चौकोनी फोम हा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा स्पंज, आधीच चिरा दिलेला, त्यामुळं एका ओळीची भिंत उरली की ती फाटणारच. तो फाटला तो घट्ट होता म्हणून नव्हे, तो असाच असतो. वर त्याची भोकं उघडी, म्हणजे हवेतली ओल पितो. आमच्याकडं जून ते सप्टेंबर तसल्या स्पंजात लोखंड ठेवणं म्हणजे ओल्या बोळ्यात गुंडाळून ठेवणं. काही वर्षांत त्याचा पिवळा भुगा होतो आणि तो ट्रिगरच्या आत जातो, ते वेगळंच. ईपीई पाणी पीत नाही, पण दाबाचा खड्डा पडला की परत वर येत नाही आणि कापलेली कड खरबरीत राहते. घ्यायचा तो क्रॉसलिंक पॉलिइथिलीन. दुकानात एक्सएलपीई म्हणा. बारीक बंद कण, हाताला रबरासारखा, कड सुरीनं लोण्यासारखी कापली जाते. घनता साधारण ३० ते ४५ किलो घनमीटरला. याहून कडक घ्याल तर तो धक्का झेलायच्या ऐवजी सरळ रायफलला देईल. मॅच रायफल साडेपाच किलोच्या आतच असते, तिला दगडी गादी नको.

२५ मिलिमीटरची शीटं घ्या, ५० चं एक घेऊ नका. खालचं अख्खं ठेवायचं, वरच्यांत आरपार कापायचं आणि मग चिकटवायचं. खोली आपोआप नेमकी येते, तळ खरवडत बसावा लागत नाही. रबरी सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं झाल्यावर दाबा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत रायफल आत ठेवू नका. तळाचं शीट पेटीला मात्र चिकटवू नका, पावसाळ्यात बाहेर काढून वाळवता आलं पाहिजे.

आखणी मोबाइलच्या फोटोवरून करू नका. रायफलचा वरचा भाग कॅमेऱ्याला जवळ पडतो, तो मोठा दिसतो आणि तुम्ही चुकीच्या मापाला इमानदारीनं कापता. जाड कागदावर रायफल आडवी ठेवा, छोटा गुण्या उभा टेकवा आणि त्याच्या कडेला पेन्सिल लावून फिरत जा. पेन्सिल आत कलली की माप कमी, बाहेर कलली की जास्त. दोन्ही मी केलंय.

मग सगळीकडं सारखं कमी कापायचं नाही. हीच ती सहा मिलिमीटरवाली चूक. रायफल धरायची ती फक्त भक्कम जागी: बॅरलखालचा स्टॉकचा पुढचा भाग आणि मागं ग्रिपच्या पाठीमागचं अंग. तिथं रेषेच्या आतून दोन मिलिमीटर. बट-प्लेट, गालपट्टी, सायटच्या घुंड्या, हवेच्या सिलिंडरचा गेज, इथं चांगली आठ-दहा मिलिमीटर मोकळी जागा, फोमचा स्पर्शसुद्धा नको. मागची सायट काढून वेगळ्या कप्प्यात ठेवत असाल तर उत्तमच. नळीचं तोंड आणि बट यांच्यापुढं पेटीच्या भिंतीपर्यंत ३० मिलिमीटर तरी फोम राहू द्या, केस पडते ती कोपऱ्यावर.

आणि बोटांच्या खाचा. दोन. एक रायफल तोलून धरता त्या जागी, एक ग्रिपपाशी, अर्धी मूठ जाईल एवढ्या. ५० मिलिमीटरचा लोखंडी पाइपचा तुकडा घ्या, तोंडाला आतून कानशीनं धार लावा आणि फोमवर दाबून फिरवा, गोल खाच निघते. आतले वळणाचे कोपरेही आधी लहान पाइपनं पाडून घ्या, मग सरळ रेषांनी जोडा. कटरनं वळण कापायला गेलात की वरची रेष एकीकडं आणि खालची दुसरीकडं. कटर १८ मिलिमीटर पात्याचा, पातं पूर्ण बाहेर, पहिला हात फक्त रेघ ओढायला, दुसरा खोल, तिसरा आरपार. करवतीसारखं मागंपुढं करू नका. बोथट वाटायच्या आधीच टोक मोडून टाका, पात्यात कंजुषी करणाऱ्याच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसतात.

तापल्या तारेनं कापायचे व्हिडिओ पाहून नायक्रोमची तार आणायला धावू नका. तार कोपऱ्यात थांबली की खड्डा वितळतो. पीयूच्या स्पंजला तर तापली तार लावूच नका, त्याचा धूर विषारी असतो, घरात पोरं असतात.

झाकणाला अंड्याच्या ट्रेसारखा खळगेवाला फोम बास. तो वरून दाबतो म्हणूनच बाजूंना करकचून धरायची गरज राहत नाही. हे पाव्हण्यांना मी वहीवर काढून दाखवलं होतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. बंद कणांचा फोम ओल पीत नाही तशी बाहेरही जाऊ देत नाही, म्हणून ओली रायफल आत ठेवली तर ती ओलीच राहते. पुसा, आणि घरी आल्यावर केस उघडी टाका. केस ही प्रवासाची वस्तू आहे, महिनोन्‌महिने ठेवायची नाही. सिलिका जेलची पुडी ठेवा, रंग बदलला की तव्यावर गरम करून परत वापरा (तवा वेगळा, घरात ऐकावं लागतं). विमानानं जाणार असाल तर सिलिंडर रिकामा करून वेगळा काढावा लागतो, त्याचा कप्पा सुरक्षा तपासणीवाल्यालाही कळेल असा ठेवा. तिथं केस भरणारे तुम्ही नसाल. आणि बट-प्लेट, गालपट्टी यांच्या जागेवर पांढऱ्या नेलपॉलिशच्या बारीक रेघा मारून ठेवा. आमच्या पोरीनं त्या स्पर्धेनंतर मारल्या. आधी असत्या तर सरकलेलं तेव्हाच दिसलं असतं, हे मी मान्य करतो. सहा मिलिमीटर पाव्हणं बोलले, पण कटर माझ्या हातात होता, हेही खरं.

खर्चाचं विचारलंत. पहिला फोम फुकट आला आणि तो सगळ्यांत महाग पडला. दुसऱ्या वेळेला शीट अख्खंच घ्यावं लागलं, दोन मीटर बाय एक मीटर. रेंजवरच्या तीन पालकांत वाटून घेतलं. तुमच्याकडं दोघंतिघं असतील तर तसंच करा, एका केसला अख्खं शीट लागत नाही.

दिवाळीला पाव्हणं आले होते. नवीन केस उघडून बघितली, बंद केली, कानाशी नेऊन हलवली. "हलतंय, दाजी." मी म्हटलं, रायफल काढा बाहेर. त्यांनी खाचेत दोन बोटं घातली आणि रायफल उचलली, एका हातानं, फोमचा कणही हलला नाही. क्षणभर तशीच धरून उभे राहिले, मग परत जागेवर ठेवली, झाकण लावलं आणि पुन्हा हलवून बघितली.

"पण हलतंय," म्हणाले.