मुंबई–बॉस्टन: नुसता भागाकार करून तिकीट काढू नका

"अंतर 12,200 किमी, ताशी 900 ने साडेतेरा तास, मध्ये न्यूयॉर्कला दोन तास पुरतील ना?" हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. आईबाबा दोघंच येणार आहेत, तर पैसे भरण्याआधी एवढं वाचाच.

अंतर बरोबर आहे, पण ते पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेलं. तो दोरा पाकिस्तान आणि रशियावरून जातो. भारतीय विमानांना पाकिस्तानचं आकाश एप्रिल 2025 मध्ये बंद झालं, अमेरिकन विमानांना रशियाचं 2022 मध्ये. त्यात पश्चिमेला जाताना वारा समोरून. म्हणून न्यूयॉर्कपर्यंतच 16 तास धरा. परतताना वारा पाठीशी असतो, तेव्हा साधारण 14-15. तिकिटावरच्या वेळांची थेट वजाबाकीही नको. मुंबईहून रात्री 2 ला निघून तिथल्या सकाळी 7:30 ला पोचणं म्हणजे हिवाळ्यात 16 तास (फरक साडेदहा तासांचा), उन्हाळ्यात 15.

पण खरी चूक ते दोन तास. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन होतं. बॅगेवर बॉस्टनचा टॅग असला तरी ती पट्ट्यावरून उचलायची, कस्टममधून न्यायची, पुन्हा जमा करायची, मग परत सुरक्षा तपासणी. इमिग्रेशनच्या रांगेतच दीड तास जाऊ शकतो. "बॅगा थेट जातात, काळजी नको" असं ठामपणे सांगणाऱ्या एका बुकिंग एजन्सीवर विश्वास ठेवला, दुसरं विमान चुकलं, आणि आमचे सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले. कारण तिकिटं दोन वेगळी होती. एका पीएनआरवर (म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर) दोन्ही उड्डाणं असतील आणि पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकलं, तर कंपनी पुढच्या विमानात बसवते. वेगळ्या तिकिटांवर तुम्ही सरळ 'नो-शो' (न आलेले प्रवासी): नवं तिकीट, तेही त्या दिवसाच्या भावाने. जेमतेम 300 किमीच्या टप्प्यासाठी! चार-पाच हजार वाचतात म्हणून तिकीट तोडून घेणं ज्येष्ठांसाठी तर मला अजिबात पटत नाही.

माझ्या मते एकच पीएनआर आणि किमान चार तास. विमानतळाचा कोडही तपासा: जेएफके, ईडब्ल्यूआर, एलजीए तिन्ही 'न्यूयॉर्क' म्हणूनच विकले जातात. एकीकडे उतरून दुसरीकडून निघायचं असेल तर ते तिकीट घेऊच नका. आखाती देशातून किंवा युरोपातून थेट बॉस्टनला उतरणारं विमान मिळालं तर सर्वांत उत्तम, इमिग्रेशन बहुतेक वेळा शेवटी आणि घरचं माणूस दाराशी. युरोपमार्गे असेल तर ट्रान्झिट व्हिसाचे नियम त्या देशाच्या अधिकृत साइटवरच बघा, ते बदलत राहतात.

आणखी एक: ड्यूटी फ्रीची बाटली आणि डब्यातलं पातळ तूप दुसऱ्या तपासणीआधी चेक-इन बॅगेत टाकायला सांगा, हातात राहिलं तर काढून घेतात. व्हीलचेअर निदान 48 तास आधी दोन्ही टप्प्यांसाठी नोंदवा, आणि बॉस्टनच्या टप्प्यावर ती नोंद दिसते का हे कंपनीला फोन करून विचारा.