बोटीवरचा मुलगा आणि जिनिव्हाचा कागद

प्रश्न : माझा मुलगा मालवाहू बोटीवर थर्ड ऑफिसर आहे. बोट आखातात ये-जा करते. युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या की आमच्या घरात कोणाला घास गोड लागत नाही. शेजारचे म्हणतात, जिनिव्हा करार आहे, खलाशांना कोणी हात लावत नाही. थोरले दीर म्हणतात, करारबिरार सगळे कागदावर. बोट पकडली गेली तर माझ्या मुलाला नेमके काय हक्क असतात?
— एक आई, म्हापसा

उत्तर : ताई, शेजाऱ्यांचंही अर्धंच खरं आणि दिरांचंही. वास्कोत वकिली करताना बोटीवर माणूस असलेली कितीतरी घरं माझ्याकडे यायची आणि जिनिव्हाचंच नाव घ्यायची. तुमच्या मुलाच्या कामी आधी येईल तो वेगळा करार आहे : परदेशातल्या वाणिज्य दूतांविषयीचा १९६३चा व्हिएन्ना करार, कलम ३६. परक्या देशाने तुमच्या मुलाला ताब्यात घेतलं, तर दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क त्याला आहे. तो हक्क त्याला सांगणं हे पकडणाऱ्याचं काम आहे. त्याने मागितलं तर दूतावासाला विनाविलंब कळवावं लागतं, आणि आपल्या अधिकाऱ्यांना त्याला भेटू द्यावं लागतं.

हे नुसतं कागदावर नाही. १३ एप्रिल २०२४ला आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणने एमएससी एरीस ही बोट ताब्यात घेतली. झेंडा पोर्तुगालचा, माणसं पंचवीस, त्यांतली सतरा भारतीय. आपल्या दूतावासाने पाठपुरावा केला आणि पाच दिवसांनी केरळची एक प्रशिक्षणार्थी मुलगी घरी पोचली. बाकीच्यांना जास्त थांबावं लागलं, हेही खरं. पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधवांच्या खटल्यात तर याच कलमावरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१९मध्ये पाकिस्तानला दोषी ठरवलं. भारताला तिथे जाता आलं, कारण या कराराबाबतचे वाद त्या न्यायालयाने सोडवावेत असं दोन्ही देशांनी आधीच मान्य केलेलं होतं.

आता जिनिव्हा, म्हणजे युद्धात सापडलेल्या माणसांशी कसं वागायचं ते ठरवणारे चार करार. १९४९च्या तिसऱ्या करारात युद्ध करणाऱ्या देशाच्या व्यापारी बोटीवरच्या खलाशांना युद्धकैद्याचं संरक्षण आहे. तुमचा मुलगा त्यात बसत नाही. भारत त्या युद्धात नाही, म्हणून तो तटस्थ देशाचा नागरिक. शत्रूच्या बोटीवर सापडला तरी तटस्थ देशाच्या खलाशाला युद्धकैदी करायचं नाही, आणि युद्ध संपेपर्यंत शत्रूच्या बोटीवर काम करणार नाही असं लिहून दिलं तर अधिकाऱ्यालाही नाही, हे १९०७च्या हेग करारापासून ठरलेलं आहे. मग उरतो चौथा, नागरिकांसाठीचा. पण ज्या तटस्थ देशाचा दूतावास तिथे नीट चालू आहे, त्याच्या नागरिकांना या कराराचं पूर्ण संरक्षण मिळत नाही. त्यांचं त्यांचा दूतावास बघेल, असं त्यात गृहीत धरलंय. म्हणजे गाडी परत दूतावासाच्याच दारात येते.

हा चौथा करार नव्हता तेव्हा काय व्हायचं, ते आपल्या मुरगाव बंदराने पाहिलंय. ऑक्टोबर १९४३. गोवा पोर्तुगालचा, पोर्तुगाल तटस्थ. जपानची तेया मारू आणि स्वीडनची ग्रिप्सहोम या दोन बोटी धक्क्याला लागल्या. एकीतून सुमारे दीड हजार अमेरिकन आणि कॅनडियन नागरिक उतरले : मिशनरी, व्यापारी, बायका, मुलं, जपानच्या कैदेतून आलेली. दुसरीतून जवळपास तितकेच जपानी. धक्क्यावरून चालत गेले आणि बोटी बदलल्या, की सुटका. ही अदलाबदल जमवायला स्वित्झर्लंड आणि स्पेनला मध्ये पडावं लागलं आणि वाटाघाटी महिनोन्‌महिने चालल्या. जे यादीत नव्हते ते कैदेतच राहिले. नागरिकांसाठी वेगळा जिनिव्हा करार आला तो हे सगळं होऊन गेल्यावर.

तुमच्या दिरांचं कुठे बरोबर आहे तेही सांगतो. मुक्तीनंतर गोव्यातल्या एका पाद्रींनी पोर्तुगीज नागरिकत्व ठेवलं. राहण्याची मुदत नोव्हेंबर १९६४मध्ये संपली, ते गेले नाहीत आणि खटला झाला. गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, म्हणून चौथ्या करारानुसार मला बाहेर काढता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये ते फेटाळलं. गोवा भारताचा भाग झाला तेव्हाच ताबा संपला, हे एक कारण. दुसरं असं, की आपला १९६०चा जिनिव्हा करार कायदा एखाद्या माणसाला स्वतः कोर्टात येऊन दाद मागण्याचा वेगळा हक्क देत नाही. त्या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखलही कोर्ट घेतं ती सरकारने तक्रार केली तरच. पहिलं कारण मला मान्य आहे. दुसरं मला आजवर पटलेलं नाही. ज्याच्यासाठी करार केला त्यालाच दार बंद, ही आपल्या कायद्यातली मोठी उणीव आहे आणि ती संसदेने दूर करायला हवी.

तोवर मागणं सरकारनेच मागायचं, आणि सरकारला मागायला लावायचं तुम्ही. त्यासाठी काही गोष्टी आजच घरात आणून ठेवा. मुलाच्या पासपोर्टची आणि सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकाची, प्रत. नोकरीच्या कराराची सही झालेली प्रत. बोटीचा सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे तिचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. बोटीचं नाव बदलतं, झेंडा बदलतो, हा नंबर बदलत नाही. एजंटचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना क्रमांक, आणि तो डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक खात्याच्या यादीत आहे का ते पडताळून घ्या. नोकरी लावण्याचे म्हणून एजंटने पैसे घेतले असतील तर मला काळजी वाटते. २००६च्या सागरी कामगार कराराप्रमाणे ते घेता येत नाहीत. बिनपरवाना एजंटने पाठवलेल्या मुलाची बोट अडकली की कंपनी कोणाची हेच सापडत नाही. घरच्यांनी विचारायचं कोणाला?

कैदेतल्या पगाराचंही विचारून घ्या. चाच्यांनी धरलं तर सुटका होईपर्यंत पगार चालू राहतो, ही दुरुस्ती त्या सागरी कामगार करारात झाली. पण ती चाचेगिरी आणि सशस्त्र लुटीपुरती आहे. एखाद्या सरकारने बोट जप्त केली तर काय, ते मुलाच्या स्वतःच्या करारात बघावं लागेल. त्याची बोट आयबीएफ करारात, म्हणजे आंतरराष्ट्रीय युनियन आणि बोटमालक यांच्यातल्या करारात, असेल, तर युद्धक्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या भागात जायला तो नाही म्हणू शकतो आणि कंपनीला स्वखर्चाने त्याला घरी पाठवावं लागतं. जायचं ठरवलं तर बोनस मिळतो आणि जिवाची भरपाई दुप्पट. हा निर्णय त्याचा आहे. पण नाही म्हणता येतं हे त्याला माहीत आहे का, एवढं आज रात्री फोनवर विचारा.

प्रश्न : दवाखान्याच्या पाटीवर लाल क्रॉस काढला तर चालतो का? सगळेच काढतात.
— एक डॉक्टर, साखळी

उत्तर : नाही चालत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते चिन्ह वापरणं याच १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे, पाचशे रुपयांपर्यंत दंड. रक्कम किरकोळ, कारण फार मोठं. रणांगणात त्या चिन्हाकडे बघून बंदूक खाली करायची असते. ते औषधांच्या दुकानांवर आणि खासगी गाड्यांवर दिसू लागलं की त्याचा धाक जातो. हिरव्यावर पांढरा क्रॉस काढा. प्रथमोपचारासाठी तो जगभर ओळखला जातो.