प्रयोगशाळेतला १५० वॅटचा झेनॉन दिवा पहिल्यांदा स्वतः बदलायचा आहे. गॉगल लावला की पुरे का?

नाही, पुरे नाही. गॉगलने डोळे वाचतील. दिवा फुटला तर क्वार्ट्झचे, म्हणजे दिव्याच्या काचेचे, तुकडे गालात आणि गळ्यात घुसतात.

मी बरीच वर्षं एका प्रयोगशाळेत फ्लुओरीमीटर, म्हणजे नमुन्यावर उजेड टाकून त्याची चमक मोजणारं यंत्र, सांभाळतोय. नवीन मुलं पेटलेल्या दिव्याला बिचकतात आणि खोक्यातला दिवा मात्र ट्यूबलाइटसारखा उचलतात. खरं तर तुमच्या १५० वॅटच्या दिव्यात तो थंड असतानाही गॅस वातावरणाच्या कित्येक पट दाबाने भरलेला असतो. पेटल्यावर तो दाब आणखी तीन-चार पट वाढतो. गाडीच्या टायरमध्ये हवा असते दोन-सव्वादोन बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब), इथे आकडा तिशीकडे जातो.

त्यामुळे हनुवटीखालपर्यंत येणारं फेस शील्ड, जाड हातमोजे आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट घाला. जुना दिवा बंद करून, प्लग काढून, निदान अर्धा तास थांबा. घाई असेल तर काम उद्यावर टाका. नवीन दिव्याचं संरक्षक आवरण अगदी शेवटी काढायचं. धरायचं ते फक्त धातूच्या टोप्यांना. ज्या टोपीचा स्क्रू आवळताय तीच टोपी दुसऱ्या हाताने धरा, म्हणजे पीळ काचेवर येत नाही. एकच टोक घट्ट बसवलेलं असतं, दुसरं लवचीक वायरने जोडतात. तापल्यावर दिवा लांबतो, त्याला जागा हवी. जाड इलेक्ट्रोड धन बाजूला. उलटं लावलंत तर काही सेकंदांत दिव्याचे पैसे गेले.

चुकून बोट लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. घामातलं मीठ तापल्यावर क्वार्ट्झला खातं. आमच्याकडे एका दिव्यावर अंगठ्याएवढा दुधी डाग पडला होता, रेषांसकट!

पेटवताना क्षणभर वीस-तीस हजार व्होल्टचा झटका जातो, म्हणून आधी दिवा, मग संगणक. हा क्रम मी एक मदरबोर्ड घालवून शिकलो. आणि चहाला जाताना दिवा बंद करू नका, फक्त शटर लावा. प्रत्येक वेळी पेटवताना इलेक्ट्रोड झिजतात. खोलीत झेरॉक्सच्या दुकानासारखा वास आला तर तो ओझोन. एग्झॉस्ट चालू करा आणि पुढच्या खरेदीला ओझोन-फ्री दिवा मागवा.

आता गॉगलबद्दल. तो अतिनील किरण अडवणाराच हवा. एकदा झाकण उघडं ठेवून मी पाचेक मिनिटं आरसा जुळवत बसलो, दिव्याकडे थेट बघितलंही नव्हतं. दुपारी काही नाही, संध्याकाळी काही नाही. रात्री दोनला जाग आली ती डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखी. दीड दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होतो. वेल्डिंगवाल्यांना होतं तेच हे.

कंपनीने दिलेले तास भरले की उजेड चांगला असला तरी दिवा बदला. जुन्या क्वार्ट्झचा भरवसा नसतो. काढलेला दिवा नव्याच्याच आवरणात आणि खोक्यात घाला आणि संस्थेत घातक कचरा बघणाऱ्यांच्या हाती द्या. तोवर कपाटात ठेवताना खोक्यावर मार्करने ठळक लिहा: ‘जुना आहे, रिकामा नाही’.