वाकवली तरी व्होल्टेज तेवढंच?

प्रश्न : मॅग्नेशियमचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, लिथियमचा एकच. मग मॅग्नेशियम-आयन बॅटरीचं व्होल्टेज दुप्पट का नसतं? आणि लवचीक बॅटरी वाकवली की ते घटतं का?
— बारावी विज्ञानाची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : दोन हमाल आले म्हणून माळा उंच होत नाही, पोती दुप्पट चढतात. व्होल्टेज म्हणजे माळ्याची उंची. हायड्रोजनच्या तुलनेत मोजली तर ती लिथियमची उणे ३.०४ व्होल्ट, मॅग्नेशियमची उणे २.३७. ऋण टोकाला उणे आकडा जितका मोठा तितकं व्होल्टेज जास्त, म्हणजे मॅग्नेशियम इथेच मागे पडतं. पोत्यांत, म्हणजे साठणाऱ्या विद्युतभारात, मात्र पुढे : एक घनसेंटिमीटर मॅग्नेशियममध्ये सुमारे ३,८०० मिलिअँपिअर-तास, लिथियममध्ये साधारण २,०५०.

शिवाय तू म्हणतेस तो दुहेरी भारच आडवा येतो. दोन धनभारांचा आयन कॅथोडच्या (बॅटरीच्या धन टोकाच्या) जाळीत चिकटून बसतो, सरकत नाही. २००० साली इस्रायलमध्ये डोरोन ऑरबाख यांच्या गटाने मॉलिब्डेनम सल्फाइडच्या जाळीत त्याला वाट करून दिली. त्यांची बॅटरी दोन हजारांहून जास्त वेळा चार्ज झाली, पण व्होल्टेज जेमतेम सव्वा व्होल्टच्या आत. पुढे २०२३ मध्ये हाँगकाँग विद्यापीठाच्या गटाने पॉलिमर मिसळलेल्या, जेलसारख्या इलेक्ट्रोलाइटवर (दोन टोकांमधल्या, आयन वाहून नेणाऱ्या पदार्थावर) २.४ व्होल्ट मिळवले. मला ही फार मोठी मजल वाटते.

आता वाकवण्याचं. रविवारी ओट्यावर मी मॅग्नेशियमची रिबन, मिठाच्या पाण्यात भिजवलेलं मांजरपाट आणि तांब्याची पट्टी एकावर एक ठेवली. (ही चार्ज होणारी बॅटरी नव्हे, पण वाकण्यापुरता न्याय तोच.) मल्टिमीटरवर दीड व्होल्टच्या आसपास. पेनाभोवती गुंडाळली, आकडा हलला नाही. तो पदार्थांवर ठरतो, आकारावर नाही. मग १०० ओहमचा रोधक जोडला : सरळ असताना १.१, घट्ट वाकवल्यावर ०.८! निरखून पाहिलं तर वळणावर फडकं तांब्यापासून उचललं गेलं होतं. तिथे संपर्क तुटला, आतला रोध वाढला आणि व्होल्ट आतच खर्च झाले. बोटाने दाबताच आकडा पुन्हा वर. लवचीक बॅटरीत जेल वापरतात ते यासाठीच : वळणावरही ते दोन्ही पट्ट्यांना धरून राहतं.

म्हणून अशा बॅटरीबद्दल कुठे ‘वाकवूनही व्होल्टेज तेच’ असं वाचलंस, तर आधी बघ की मोजताना लोड (रोधकासारखं वीज वापरणारं काही) जोडला होता का. स्वतः करून पाहणार असशील तर रिबनवरचा काळपट थर सँडपेपरने घासून काढ, आणि सरळ, वाकवलेली, पुन्हा सरळ अशी तिन्ही मापं रोधक जोडूनच वहीत लिही.