इम्युनोथेरपी चालू असताना जुलाब?

प्रश्न: बाबांना फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी चालूये, केमो नाही, तरी जुलाब लागलेत. प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध ना हे?

उत्तर: वाढवतं म्हणण्यापेक्षा ब्रेक काढतं. टी पेशींवर (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, एरवी तो हवाच, नाहीतर त्या आपल्याच शरीरावर उठतील, पण गाठ नेमका तोच दाबून ठेवते आणि टी पेशी शेजारी असूनही गप्प बसतात. (होन्जो आणि ॲलिसन या शास्त्रज्ञांना २०१८ चं नोबेल या ब्रेकांवरच्या कामासाठीच मिळालं.) ब्रेक निघाला की त्या गाठीवर जातात, पण कधीकधी आतडं, थायरॉइड, फुफ्फुसावरही. त्यामुळे ताक-भातावर दिवस काढू नका, आजच ऑन्कॉलॉजिस्टना फोन करा, बहुतेकदा स्टिरॉइडने आटोक्यात येतं. आणि हो, औषध बंद झाल्यावर काही महिन्यांनीही असं होऊ शकतं, तेव्हा कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी इम्युनोथेरपीचं आधी सांगायचं.